लॉजची शंभरी: हॉल बुक करायच्या आधी जुनी मिनिट बुकं बाहेर काढा

ब्रदर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुढच्या वर्षी तुमच्या लॉजला, म्हणजे आपल्या फ्रीमेसन मंडळींच्या शाखेला, १०० वर्षं होतायत, तुम्ही चार महिन्यांपूर्वीच सेक्रेटरी झालात, आणि कमिटीत दोन तट पडलेत. जुनी मंडळी म्हणतात सगळं दाराआड, रीतीप्रमाणे झालं पाहिजे. तरुण म्हणतात घरच्यांना बोलवा, मोठं जेवण ठेवा, स्मरणिका काढा, व्हिडिओ करा. आणि तुम्ही विचारताय की यातली खरी परंपरा कोणती, आणि सुरुवात कुठून करू.

मी २७ वर्षं या मंडळीत आहे. मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या प्रमुखाच्या, खुर्चीत एकच वर्ष बसलो पण सेक्रेटरी ११ वर्षं होतो, आणि मुंबईत दोन लॉजच्या शताब्दीचं काम जवळून केलंय, एक आमची स्वतःची आणि एक त्याच हॉलमध्ये भरणाऱ्या दुसऱ्या लॉजची. त्यावरून सांगतो. खुणा, शब्द वगैरे जे उघड लिहायचं नसतं ते इथे येणार नाही, आणि तुमच्या प्रश्नाला ते लागतही नाही.

मला विचाराल तर तुमची अडचण दोन तटांची नाहीच. दोन्ही बाजू "परंपरा" म्हणतायत पण तुमच्या लॉजनं पन्नास वर्षांचा, पंचाहत्तर वर्षांचा कार्यक्रम कसा केला होता हे दोघांपैकी कुणीच वाचलेलं नाही. आमच्याकडे हेच झालं होतं. तीन महिने भांडलो, मग एका रविवारी कपाट उघडलं आणि सुवर्णमहोत्सवाचं मिनिट, म्हणजे बैठकीचा लेखी वृत्तांत, सापडलं, त्यात स्वच्छ लिहिलं होतं की बैठक शनिवारी झाली आणि रविवारी दुपारी घरच्यांसाठी चहापान होतं, मुलांना खाऊ वाटला. म्हणजे जे "नवीन फॅड" म्हणून जुन्यांना टोचत होतं ते त्यांच्याच आधीच्यांनी करून ठेवलेलं. त्या दिवसापासून भांडण संपलं. म्हणून आधी मिनिट बुकं, मग बाकी सगळं.

मिनिट बुकं आधी काढायची याला दुसरं, जास्त रोकडं कारण पण आहे. शंभरी ही नुसती तारीख नसते, ती सिद्ध करावी लागते. इंग्लिश कॉन्स्टिट्यूशनखाली, म्हणजे इंग्लंडच्या ग्रँड लॉज या वरच्या संस्थेखाली, असाल तर शताब्दीचं वेगळं वॉरंट, म्हणजे सनद, मिळते, सेंटेनरी वॉरंट, आणि ते मिळालं की मगच सभासदांना शताब्दीचं ज्वेल, म्हणजे पदक, छातीवर लावता येतं. त्यासाठी अर्ज करायचा आणि १०० वर्षं लॉज खंड न पडता चालू होती हे दाखवायचं. दाखवायचं कशावरून? मिनिट बुकांवरून. दुसरा साक्षीदार कोण आहे आपल्याकडे?

आता "तुमच्या परिस्थितीवर अवलंबून" असलेला भाग. भारतात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि ग्रँड लॉज ऑफ इंडिया अशा चारही छत्राखाली लॉज भरतात, आणि तुम्ही कुठल्या ते प्रश्नात लिहिलेलं नाही. ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत स्थापन झाली. तेव्हा पुष्कळ लॉज तिच्यात आल्या आणि काही जुन्याच ठिकाणी राहिल्या. तुमची लॉज तेव्हा इकडे आली असेल तर आधीची साडेतीन दशकं दुसऱ्या ग्रँड लॉजच्या रजिस्टरात आहेत, आपला नंबरही तेव्हा बदललेला असणार, म्हणजे कागद दोन ठिकाणी शोधायचे. स्कॉटिश असाल तर भाषा पण वेगळी, तिथे वॉरंट नाही चार्टर म्हणतात, मास्टरला राइट वर्शिपफुल मास्टर म्हणतात, रेगेलियाचा, म्हणजे एप्रन-कॉलरचा, रंग लॉजगणिक वेगळा असू शकतो, आणि शंभरीला लॉजचं रीडेडिकेशन, म्हणजे पुन्हा अर्पणविधी, करायची रीत आहे. त्यात स्थापनेच्या वेळी वापरलेलं धान्य, वाईन आणि तेल पुन्हा आणतात. धान्य समृद्धीचं, वाईन आनंदाची, तेल शांततेचं असा साधारण अर्थ. इंग्लिश पद्धतीत मूळ कन्सिक्रेशनला, म्हणजे लॉजच्या स्थापनाविधीला, हेच तीन जिन्नस आणि बहुतेक ठिकाणी मीठही असतं, पण शंभरीला कन्सिक्रेशन परत होत नाही, वॉरंट दिलं जातं. तेव्हा यूट्यूबवर कुठल्यातरी स्कॉटिश लॉजचा समारंभ बघून "आपणही तेल ओतूया" असं ठरवू नका, आधी तुमच्या ग्रँड सेक्रेटरींच्या ऑफिसला पत्र लिहा.

तारखेचा घोळ पण इथेच मिटवा. लॉजला तीन तीन वाढदिवस असतात: अर्ज मंजूर होऊन वॉरंटवर पडलेली तारीख, कन्सिक्रेशनची तारीख, आणि कधीकधी पहिल्या नियमित बैठकीची तारीख. यात काही महिन्यांचं अंतर सहज असतं. सोहळा बहुतेक जण कन्सिक्रेशनच्या आसपास धरतात, पण अर्जात कुठली तारीख धरायची ते वरचं ऑफिस सांगेल. आमच्या कमिटीनं हॉल आणि केटरर ठरवून टाकला आणि मग कळलं की आपण धरलेली तारीख वॉरंटची होती, बरीच पळापळ झाली आणि ॲडव्हान्सचे पैसे गेले.

लिहून ठेवण्याचं महत्त्व किती असतं बघा. फ्रीमेसनरीचा सगळ्यात मोठा वाढदिवस म्हणजे लंडनच्या पहिल्या ग्रँड लॉजचा, २४ जून १७१७, सेंट जॉन द बॅप्टिस्टचा दिवस, सेंट पॉल्सच्या आवारातल्या गूस अँड ग्रिडआयर्न नावाच्या खानावळीत चार लॉज एकत्र आल्या असं आपण शिकतो. ३०० वर्षं झाली म्हणून ३१ ऑक्टोबर २०१७ ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये केवढा समारंभ झाला. पण ग्रँड लॉजची स्वतःची मिनिट्स सुरू होतात १७२३ पासून, आणि १७१७ ची हकीकत छापून आली १७३८ मध्ये, म्हणजे वीसेक वर्षांनी. त्यामुळे आता काही इतिहासकार म्हणतात की खरं वर्ष १७२१ असावं. उलट एडिनबरोच्या मेरीज चॅपल या लॉजकडे १५९९ सालचं मिनिट आहे, ३१ जुलै, दिवसासकट. त्या तारखेवर कुणी वाद घालत नाही कारण कागद समोर आहे.

तेव्हा पहिल्या महिन्यात एवढंच करा. सगळी मिनिट बुकं, हजेरीची रजिस्टरं (आपण टायलर्स बुक म्हणतो ती), जुने समन्स (बैठकीची बोलावणी), ग्रँड लॉजला पाठवलेली वार्षिक रिटर्न्स एका टेबलावर काढा आणि वर्षागणिक एक ओळ लिहा: या वर्षी किती बैठका, मास्टर कोण, इन्स्टॉलेशन (नव्या मास्टरला खुर्चीवर बसवणं) कधी. १०० ओळी होतील. जिथे ओळ रिकामी राहील तिथे तुमचं खरं काम. आमच्याकडे १९४० च्या दशकातलं एक पुस्तकच नव्हतं, सगळे हबकले. मग टायलर्स बुकात त्या वर्षांच्या सह्या सापडल्या, आणि ट्रेझररच्या वहीत वर्गणीची नोंद, त्यावर भागलं. २०२० च्या मार्चनंतर बैठका बंद होत्या ते तर आपल्या सगळ्यांना आठवतंय, ती बंदी वरून आली होती, तेव्हा तो आदेशाचा कागद मिनिट बुकात लावून ठेवलाय का ते आत्ताच बघा, पुढच्या सेक्रेटरीला तुमच्या आठवणी विचारता येणार नाहीत.

आणि पुस्तकं हाताळताना जपून हो. मुंबईच्या दमट हवेत पानं चिकटलेली असतात, कसर लागलेली असते. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. सपाट टेबल, खिडकीचा उजेड, मोबाईलनं वरून सरळ फोटो, आणि जे पान सुटत नाही ते कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे. आम्ही पहिल्या दिवशी उत्साहात एक कोपरा फाडला, त्यावर संस्थापकांपैकी एकाची सही होती. अजून वाईट वाटतं.

आता समारंभ. इंग्लिश पद्धतीच्या शताब्दी बैठकीचा गाभा छोटा असतो. लॉज नेहमीसारखी उघडते, ग्रँड ऑफिसर्स मिरवणुकीनं आत येतात, डायरेक्टर ऑफ सेरेमनीज त्यांना घेऊन येतो, मास्टर त्यांच्या प्रमुखाला गॅव्हल, म्हणजे आपली लाकडी हातोडी, देऊ करतो. मूळ वॉरंट वाचतात, पहिल्या बैठकीचं मिनिट वाचतात, लॉजचा इतिहास कुणीतरी सांगतो, मग शताब्दीचं वॉरंट वाचून मास्टरच्या हाती देतात, चॅपलेनचं, म्हणजे प्रार्थना म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचं, भाषण होतं, धर्मादाय देणगी जाहीर होते. बस. यात काही भर घालायची गरज नाही, तालीम मात्र हवी. ग्रँड ऑफिसर्सच्या प्रवेशाची चाल आम्ही पाच वेळा केली, कारण दोन्ही डीकन, म्हणजे दांडा घेऊन चालणारे अधिकारी, पंच्याहत्तरीच्या पुढचे होते आणि दांडा हातात धरून वळताना एकाचा तोल जायचा. शेवटी चाल अर्धी केली. कुणाचं काही बिघडलं नाही.

यात इतिहास वाचायला १५ मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका, आणि त्यात टेंपलर सरदार, पिरॅमिड, सॉलोमनचं मंदिर खरोखर कुणी बांधलं असलं काही घालू नका, तुमची लॉज शंभर वर्षांची आहे, तिचं सांगा. मोठ्या माणसांची व्हॉट्सॅपवरची यादी तर स्मरणिकेत छापूच नका. नाव छापायचं तर लॉज आणि तारखेसकट छापा. उदाहरणार्थ नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १९ फेब्रुवारी १८८४ ला कलकत्त्याच्या अँकर अँड होप लॉजमध्ये दाखल झाले, ही नोंद आहे. एवढं हातात नसेल तर ते नाव गाळा.

पश्चिम भारतातलं आपलं खरं मोठं सांगण्यासारखं तर वेगळंच आहे आणि ते फार कमी लॉजच्या स्मरणिकेत दिसतं. १८४० च्या सुमाराला मुंबईतल्या युरोपियन लॉजमध्ये हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाला दार बंद होतं. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांनी अर्ज केला, नकार आला. ते पॅरिसला जाऊन तिथल्या लॉजमध्ये मेसन होऊन परत आले, तरी इथे घेईनात. मग स्कॉटिश कॉन्स्टिट्यूशनचे इथले प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानं १५ डिसेंबर १८४३ ला रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही लॉज निघाली, हिंदी लोकांना घेण्यासाठीच. पुढे पारशी विद्वान खरशेटजी रुस्तमजी कामांसारखी माणसं तिच्यात आली. याच माणेकजींनी १८६३ मध्ये फोर्टमध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. मी नवीन सभासदांना हे नेहमी सांगतो, कारण आज आपल्या अल्टरवर, म्हणजे लॉजच्या वेदीवर, गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ग्रंथसाहेब शेजारी शेजारी असतात आणि ते आपल्याला इतकं नेहमीचं वाटतं की त्यासाठी कुणीतरी पॅरिसपर्यंत गेलं होतं हे विसरायला होतं. तुमच्या लॉजचे संस्थापक कुठल्या आधीच्या लॉजमधून आले ते बघा, मुंबईची असेल तर धागा फिरत फिरत त्या काळापर्यंत जाऊ शकेल.

घरच्यांना लॉज दाखवलेली चालते का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. चालते. लॉज उघडलेली नसताना तो एक हॉल असतो, खुर्च्या असतात, काळ्या-पांढऱ्या चौकटीची फरशी असते. फक्त बिगर-मेसन मंडळींसमोर एप्रन-कॉलर घालून उभं राहायचं असेल तर आधी परवानगी काढा, डिस्पेन्सेशन. आणि माझा आग्रह असा की घरच्यांचा कार्यक्रम वेगळ्या दिवशी ठेवा. आमच्या शेजारच्या लॉजनं दोन्ही एकाच संध्याकाळी ठेवलं, बैठक लांबली, आणि सगळ्यांच्या बायका-मुलं अडीच तास बाहेरच्या पॅसेजमध्ये बसून राहिली, दोनच पंखे, मे महिना. शंभर वर्षांचा इतिहास आत वाचला जात होता आणि बाहेर लहान मुलं रडत होती. ते मला अजिबात आवडलं नव्हतं. इन्स्टॉलेशनलाही जोडू नका, त्यात एक भाग फक्त माजी मास्टरांसमोर होतो, बाकीच्यांना बाहेर जावं लागतं, आणि नव्या मास्टरचा दिवस शंभरीत हरवून जातो, त्याच्यावर अन्याय होतो.

आम्ही रविवारी सकाळी दहा ते एक हॉल उघडा ठेवला. लोक बिचकत आले, कारण आपल्या इमारतींना जादूघर म्हणायची पद्धत, कुणी म्हणे आत कवटी असते, कुणी म्हणे बोकड असतो. माझ्या बायकोचे मामा आले होते, आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस, साताऱ्याकडचे. टेबलावर मास्टर, त्याच्या हाताखालचे दोन वॉर्डन अशा ऑफिसर्सच्या कॉलर मांडल्या होत्या, चांदीची ज्वेल्स लटकलेली. मी समजावायला तोंड उघडलं तोवर मामांनीच बोट ठेवायला सुरुवात केली. मास्टरची कॉलर, "हा गुण्या." सीनियर वॉर्डनची, "ही पाणसळ." ज्युनियर वॉर्डनची, "हा ओळंबा की." मग वॉर्डनच्या बाजूचा अनगड दगड आणि घडीव दगड हातानं चाचपून बघितले आणि घडीव दगडाची कड अंगठ्यानं तपासत म्हणाले, कड बरोबर धरलीये. आजूबाजूची पोरं गोळा झाली, मग मामाच सांगत राहिले की गुण्या बिघडला तर भिंत कशी जाते, ओळंबा कधी खोटं का बोलत नाही. मी २७ वर्षांत कुणाला इतकं चांगलं समजावू शकलेलो नाही. तेव्हा तुमच्या उघड्या दिवसाला एखादा खरा गवंडी, खरा पाथरवट बोलवा, त्याच्या हत्यारांसकट. लेसर शोपेक्षा खर्चही कमी येईल.

मुलांना दोन्ही वॉर्डनच्या पेडेस्टलवरचे, म्हणजे समोरच्या चौथऱ्यावरचे, दोन छोटे खांब दाखवा. काम चालू असताना एक उभा आणि एक आडवा, विश्रांतीला उलट. मुलांना हे फार आवडतं, आपणहून उभे-आडवे करत बसतात.

जेवणाचं, म्हणजे फेस्टिव्ह बोर्डचं, थोडक्यात. टोस्टचा क्रम तुमच्याकडे असेल तोच ठेवा, शंभरी म्हणून सात जादा टोस्ट घालू नका, रात्री बारा वाजतात आणि म्हातारी माणसं लोकल पकडायला धावतात. दारू ठेवणार असाल तर एका दिवसाचा परवाना आणि ड्राय डे या दोन गोष्टी आधी बघा, आणि कोकम सरबत ठेवाच, टोस्ट पाण्यानंही होतो. एक टोस्ट मात्र वेळेवर घ्या, नऊ वाजताचा, गैरहजर बंधूंचा. घड्याळाचे काटे तेव्हा गुण्यासारखे काटकोनात येतात म्हणून नऊ, असं आपल्याकडे सांगतात. आमच्या शंभरीला त्या टोस्टच्या आधी सेक्रेटरीनं टायलर्स बुकातल्या पहिल्या पानावरची नावं वाचली. सह्या बहुतेक इंग्रजीत, काही गुजरातीत, आणि एक चक्क मोडीत. ती मोडी सही कुणाला लागेना म्हणून मी तिचा फोटो मोडी वाचणाऱ्या एका बाईंना दाखवला होता, त्यांनी आडनाव लावून दिलं, आणि ते आडनाव वाचल्यावर शेवटच्या टेबलावरचे एक वयस्कर ब्रदर उभे राहिले, त्यांच्या आजोबांची होती ती. त्यांना माहीतच नव्हतं. आजोबा "फोर्टातल्या क्लबात" जातात एवढंच घरात सांगितलेलं.

पैशाचं म्हणाल तर देणगीचा आकडा आधी ठरवा, जेवणाचा नंतर. बहुतेक कमिट्या उलट करतात आणि मग देणगीला उरतं तेवढं देतात. आमच्या अल्मोनरनं, म्हणजे मदतीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यानं, पहिल्याच बैठकीत हट्ट धरला होता की विधवा आणि आजारी सभासदांचा निधी बाजूला काढल्याशिवाय मेनूवर चर्चा नाही. तेव्हा काही जण चिडले, पण तो बरोबर होता.

दोन्ही तटांना आता एकेक काम देऊन टाका. जुन्यांना बैठकीची तालीम आणि टायलर्स बुकातल्या सह्या ओळखणं, तरुणांना मिनिट बुकांचे फोटो आणि रविवारचा उघडा हॉल. वर्ष हातात आहे, पण अर्जाचे कागद वर जाऊन खाली यायला महिने लागतात, म्हणून या महिन्यातच कपाट उघडा. वॉरंटवरची तारीख, कन्सिक्रेशनची तारीख आणि पहिल्या मिनिटाची तारीख, या तिन्ही सापडल्या की इथेच लिहा, आणि कुठल्या कॉन्स्टिट्यूशनखाली आहात तेही. मग मागून पुढे महिन्यांचं वेळापत्रक बसवून देतो. आणि चिकटलेली पानं असतील तर ओढू नका, आधी फोटो टाका.